जुनाट दुखणं आणि मानसोपचार: पहिल्या भेटीआधी वाचा

कंबर, मान किंवा खांदा तीन महिन्यांहून जास्त दुखत राहिला की ते जुनाट दुखणं. त्यासाठी मानसोपचार सुचवला की घरचे विचारतात, "म्हणजे हे सगळं मनाचंच?" नाही, दुखणं खरंच आहे. पण मज्जारज्जूत वेदनेचे संदेश कमी-जास्त होतात आणि त्यात मेंदूचाही हात असतो, हे मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या संशोधकांनी १९६५ सालीच मांडलं. महिनोन्महिने दुखलं की ही यंत्रणा हळवी होते. जखम भरली तरी साध्या हालचालीने ठणका लागतो. झोपमोड, भीती आणि काळजी तिला आणखी हळवी करतात. आम्ही मानसोपचार करणारे काम करतो ते इथे.

दुखणं शून्यावर आणण्याची हमी आम्ही देत नाही (कुणी देत असेल तर सावध राहा). वेदनेच्या तीव्रतेत सरासरी फरक माफकच पडतो. म्हणून किती वेळ बसता येतं, किती चालता येतं, झोप किती लागते, हेही आम्ही मोजतो.

सगळ्यात जास्त गाडं अडतं ते कामाच्या मापात. बरं वाटलं त्या दिवशी द्राक्षबागेत हात वर करून दिवसभर थिनिंग (घडातले जादा मणी काढणं), किंवा नाशिकच्या सातपूर-अंबडला कारखान्यात जोडून दोन शिफ्ट, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. यावर उपाय असा: तीन दिवस चालून पाहा आणि दुखणं वाढेपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहा. समजा २०, १२ आणि १६. सरासरी १६, त्याच्या ८० टक्के म्हणजे साधारण १३. आठवडाभर रोज १३च मिनिटं चाला. दुखत असलं तरी तेवढंच आणि बरं वाटलं तरी तेवढंच. हा दुसरा भागच लोकांना जड जातो. मग दर आठवड्याला मिनिटभर वाढवा.

"वाकलो तर मणका सरकेल" ही भीतीही मोठी. एमआरआयमधली "झीज" किंवा "डिस्क बल्ज" (मणक्यांमधली चकती फुगणं) काहीही न दुखणाऱ्या अनेकांतही सापडते. त्यामुळे आधी टेबलाच्या, मग खुर्चीच्या, मग जमिनीच्या उंचीवरून वस्तू उचलण्याचा सराव करून घेतो.

श्वासाचा सराव: ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, दिवसातून दोनदा १० मिनिटं. ऐन कळ आल्यावर पहिल्यांदा करून पाहिला, तर तो काही कामाचा नाही असंच वाटेल. दुखणं कमी असताना हात बसवा. झोपेसाठी उठायची वेळ रोज एकच ठेवा.

आमच्याकडे साधारण ८ ते १२ बैठका होतात, आठवड्याला एक, प्रत्येकी ४५ मिनिटांची. एका बैठकीला घरचं माणूस आणा, दर तासाला "दुखतंय का?" विचारणं त्यांनी थांबवलं, तरी फरक पडतो. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. काही औषधं एकदम थांबवली की त्रास होतो.

पायातली ताकद कमी होणं, जांघेत बधिरपणा, लघवीवर ताबा न राहणं: यांपैकी काहीही असेल तर आमच्याकडे न थांबता तडक रुग्णालयात जा. दुखण्यासोबत ताप असेल किंवा विनाकारण वजन घटत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.

पहिल्या भेटीला जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि ती तीन दिवसांची नोंद आणा.