घरगुती स्टोरेज सर्व्हरमधील बिघडती डिस्क

घरातले फोटो, चित्रीकरणे आणि कागदपत्रे एकत्र ठेवणाऱ्या सर्व्हरमधील (नास) एखादी हार्ड डिस्क वाचताना चुका करू लागली, की ती पुरती बंद पडण्याआधी डेटा सुखरूप काढून नवी डिस्क बसवावी लागते. यात घाईने होणारे नुकसान बिघाडापेक्षा मोठे ठरू शकते.

डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ यंत्रणेत ठेवते. त्यात क्रमांक ५ (बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरील साठवणीचे छोटे कप्पे), १९७ (वाचता न आल्याने अनिर्णित सेक्टर) आणि १९८ (दुरुस्त न होणारे सेक्टर) पाहावेत. आकडा छोटा आणि स्थिर असेल तर डिस्कवर नजर ठेवावी. वाढत असेल तर ती बदलावी. क्रमांक १९९ वाढत असल्यास दोष बहुधा डिस्कला सर्व्हरशी जोडणाऱ्या साटा केबलचा किंवा जोडणीचा असतो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत केबलची टोके गंजू शकतात. केबल बदलल्यावर हा आकडा शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. हे न तपासता चांगल्या डिस्क फेकल्या जातात.

टकटक आवाज येत असेल तर डिस्क लगेच बंद करून डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्यावी. ती फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जुना उपाय टाळावा. बाहेर काढताच थंड धातूवर दव धरते.

नवी डिस्क लावण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात. अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या संचाला रेड म्हणतात. रेड ५ एकच डिस्क गमावणे सोसते, रेड ६ दोन. पुनर्बांधणीत, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा तयार होताना, उरलेल्या डिस्क शेवटपर्यंत वाचल्या जातात आणि एकाच वेळी घेतलेल्या डिस्क साधारण एकाच वयाच्या असल्याने दुसरी डिस्क नेमकी तेव्हाच बिघडण्याचा धोका असतो. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने भरायला सुमारे साडेसात तास लागतात. सर्व्हर वापरात असेल तर जास्त. एसएमआर प्रकारची (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर अंशतः चढवलेली) डिस्क हे काम फारच रेंगाळवते, म्हणून सीएमआर (वेगवेगळ्या पट्ट्यांची) घ्यावी. एक डिस्क कमी असलेल्या रेड ५ मध्ये अचानक वीज गेली तर डेटा आणि पॅरिटीचा (हरवलेला डेटा पुन्हा काढण्यासाठी ठेवलेल्या जोड माहितीचा) मेळ चुकू शकतो, म्हणून यूपीएस हवाच.

एसडीए, एसडीबी ही लिनक्सने डिस्कना दिलेली नावे रीबूटनंतर बदलू शकतात. त्यामुळे काढायची डिस्क लेबलवरील सिरियल नंबरानेच ओळखावी. रेड ५ मध्ये चुकीची डिस्क उपसली की संच कोसळतो.

डिस्क एकटीच असेल किंवा संच जुळत नसेल, तर डीडीरेस्क्यू हे बिघडत्या डिस्कची प्रत काढणारे सॉफ्टवेअर वापरावे. तितक्याच किंवा मोठ्या डिस्कवर प्रत काढावी आणि मॅप फाइल (कोणता भाग वाचून झाला याची नोंद) तिसऱ्या डिस्कवर ठेवावी. पहिल्या फेरीत अडलेले भाग सोडून द्यावेत, मग उरलेल्यांवर तीनदा प्रयत्न करावा. फाइल सिस्टिमची दुरुस्ती फक्त प्रतीवर करावी, मूळ डिस्कवर कधीही नाही.

नवी डिस्क मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घेताना वॉरंटीची तारीख सिरियल नंबर टाकून उत्पादकाच्या संकेतस्थळावर तपासावी. क्रमांक ९, म्हणजे चालू राहिलेले तास, शून्याजवळ असावा. पण वापरलेल्या डिस्कवर हा आकडा पुसलेलाही असू शकतो. बसवण्याआधी स्मार्टची दीर्घ चाचणी घ्यावी. पुनर्बांधणीनंतर स्क्रब (सगळा डेटा वाचून पडताळण्याची फेरी) चालवावा आणि तो बिनचूक पार पडेपर्यंत जुनी डिस्क पुसू नये.