वीस पोरं, एक चेंडू

संध्याकाळी बेळगावात टिळकवाडीच्या नाहीतर कॅम्पातल्या मैदानावर चक्कर मारा. कुठं ना कुठं हे दिसतंच: वीस पोरं रांगेत, समोर फुटबॉलचा गोलपोस्ट, सरांच्या शिट्टीवर एकेक जण चेंडू मारतो आणि रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहतो. शिस्त दिसते, पालकही खूश. पण हिशेब करा. एका फटक्याला 15 सेकंद धरले तरी पुन्हा पाळी यायला 5 मिनिटं लागतात, म्हणजे 20 मिनिटांत जेमतेम चार फटके. बाकीचा वेळ पुढच्याला ढकलण्यात आणि बुटाच्या टोकानं तांबडी माती उकरण्यात जातो.

वेळ वाया जातो एवढंच नाही. रांगेतला फटका दर वेळी सारखाच असतो. तेच अंतर, तोच कोन, अंगावर धावून येणारं कुणी नाही. 1978 मध्ये केर आणि बूथ या संशोधकांनी आठ वर्षांच्या मुलांना लक्ष्यावर छोट्या पिशव्या फेकायला लावल्या. एका गटानं सराव केला तो फक्त तीन फुटांवरून. दुसऱ्यानं दोन आणि चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून नाहीच. परीक्षा मात्र तीन फुटांवरूनच घेतली, आणि दुसरा गट सरस ठरला! पुढच्याच वर्षी शी आणि मॉर्गन यांनी कॉलेजच्या मुलांना हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या. क्रम उलटसुलट ठेवलेल्या गटाची सरावात तारांबळ उडाली, पण काही दिवसांनी तपासल्यावर त्यांच्याच लक्षात जास्त राहिलं होतं. कारण दर वेळी मेंदूला नव्यानं ठरवावं लागतं. एकच हालचाल घोकताना मेंदू आधीचंच उत्तर पुन्हा वापरतो. प्रयोगशाळेइतका स्पष्ट फरक मैदानावर दर वेळी दिसत नाही, आणि अगदी नवख्या पोराला सुरुवातीला थोडी घोकंपट्टी लागतेच. तरी माझं मत पक्कं आहे: सराव फार देखणा दिसायला लागला की शंका घ्यावी.

मग करायचं काय? चार विरुद्ध चारच्या दोन मॅची लावा, उरलेल्या चौघांना दोन-दोन खेळू द्या, आणि दर सहा-सात मिनिटांनी पोरं फिरवा. मैदान लहान, गोल चपलांचे, चेंडू तीन. चेंडू पायाशी येण्याची वेळ प्रत्येकावर कितीतरी जास्त वेळा येते, शिवाय दर वेळी समोर कुणीतरी आडवा असतो. पास शिकवायचा असेल तर ‘दोनच टच’ म्हणजे चेंडूला दोनदाच पाय लावायचा, असा नियम घाला; मान वर करून बघितल्याशिवाय पोराचं चालणारच नाही. कुणी पालक ‘काय सर, आज नुसती मॅचच खेळवायलासा?’ म्हणतीलच. म्हणू द्या.

बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा, म्हणजे लहान मापाचा चेंडू द्यावा. तो 350 ते 390 ग्रॅमचा असतो, पाच नंबरचा 410 ते 450. पावसाळ्यात खानापूरकडं मैदानाचा चिखल होतो आणि जमिनीवरून दिलेला पास वाटेतच रुततो. तेव्हा तेच पोर आपोआप चेंडू उचलून द्यायला लागतं. सरावात हवी ती विविधता इथं पाऊसच फुकटात देतो, म्हणून घसरून पडण्याइतकी निसरड नसेल तर सराव रद्द करण्याची घाई नको.

वॉर्मअपला मात्र फाटा नको. मैदानाला दोन फेऱ्या म्हणजे वॉर्मअप नव्हे. फिफाचा ‘11+ किड्स’ हा 7 ते 13 वयोगटासाठीचा साधारण वीस मिनिटांचा कार्यक्रम आहे: एका पायावर तोल, उड्या, नीट पडायला शिकणं. युरोपातल्या चार देशांत जवळपास चार हजार मुलांवर तो तपासला, तेव्हा दुखापती 48 टक्क्यांनी कमी झाल्या. 2018 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साहित्य लागतं ते चेंडूच.

उंची झपाट्यानं वाढण्याचा काळ मुलींत साधारण बाराव्या, मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास असतो. काल सफाईनं ड्रिबल करणारं, म्हणजे चेंडू पायाशी खेळवत नेणारं पोर मग अचानक स्वतःच्याच पायात अडखळतं. हाडं लांब झालेली असतात आणि नव्या मापाशी शरीराचा ताळमेळ बसायला काही महिने जातात. अशा वेळी त्याला संघातून काढू नका. टाच दुखते किंवा गुडघ्याच्या वाटीखाली ठणकतं म्हणालं, तर उड्या आणि जोराचे फटके कमी करा. दुखणं थांबेना तर डॉक्टरांना दाखवा.