रसनाशुद्धी, व्हिस्की-आस्वादनातील

व्हिस्कीचे नमुने चाखण्यापूर्वी तोंड व नाक तयार ठेवणे आणि एका नमुन्याचा रेंगाळणारा परिणाम पुढच्यावर पडू नये म्हणून मधल्या वेळात तोंड स्वच्छ करणे, या दोन्ही क्रियांना मिळून रसनाशुद्धी म्हणता येईल. साधे पाणी, बिनमिठाची कोरडी बिस्किटे किंवा पाव आणि थोडी उसंत ही तिची रूढ साधने होत. तोंड पूर्ण कोरे करण्याची अपेक्षा येथे नसते, कारण लाळ असलेले तोंड कधीच कोरे नसते. प्रत्येक नमुन्याला तोंडाची सुरुवातीची अवस्था शक्य तितकी सारखी मिळावी, एवढेच साधायचे असते.

या प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार ती वाइनच्या, विशेषतः शेरी या स्पॅनिश वाइनच्या व्यापारातून आली. शेरीचा मोठा व्यापार ब्रिटनशी होता, शेरीची रिकामी पिंपे स्कॉटलंडमध्ये व्हिस्की मुरवण्यासाठी वापरली जात आणि स्पेनमधील हेरेस शहरातील चाखणाऱ्यांचा ‘कोपिता’ हा निमुळत्या तोंडाचा प्याला पुढे व्हिस्कीच्या मिश्रकांनीही (निरनिराळ्या पिंपांतील व्हिस्की एकत्र करणाऱ्यांनीही) स्वीकारला. पिंपांबरोबर चाखण्याची शिस्तही आली असावी, असा हा तर्क आहे. दुसरे मत एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश किराणा व्यापाऱ्यांकडे बोट दाखवते. किल्मार्नॉकचे जॉन वॉकर (दुकान १८२०) किंवा ॲबर्डीनचे चिव्हास बंधू हे मुळात किराणामालाचे व्यापारी. वेगवेगळ्या प्रतींचा चहा चाखून त्यांचे मिश्रण करणे हा अशा दुकानांतला सवयीचा उद्योग होता. एडिनबर्गच्या अँड्र्यू अशर यांनी सु. १८५३ मध्ये वेगवेगळ्या पिंपांतील मॉल्ट (मोड आणलेल्या बार्लीची) व्हिस्की एकत्र करून विकायला आणली आणि १८६० च्या कायद्याने मॉल्ट व ग्रेन (इतर धान्यांच्या) व्हिस्कीचे मिश्रण जकातीच्या गोदामातच, म्हणजे कर भरण्याआधी, करण्यास मुभा मिळाली, तेव्हा चहा चाखून तयार झालेली जीभ व्हिस्कीकडे वळली, असे या मताचे समर्थक मानतात. दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र ती प्याल्याविषयी आणि मिश्रणाविषयी जितके सांगतात, तितके तोंड स्वच्छ करण्याविषयी सांगत नाहीत. शिवाय कारखान्यातील मिश्रक मुख्यतः हुंगून निर्णय घेतो, घोट क्वचितच घेतो. त्यामुळे आजच्या स्वरूपातील नियम बरेच अलीकडचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. एडिनबर्गच्या पेंटलँड्स स्कॉच व्हिस्की रिसर्च या संस्थेतील संशोधकांनी १९७९ मध्ये व्हिस्कीच्या स्वादांचे वर्णनचक्र (स्वादांच्या नावांची चक्राकार मांडणी) प्रसिद्ध केले. एकाच नमुन्याचे वर्णन दहा जणांनी एकाच परिभाषेत करायचे ठरल्यावर त्या दहा जणांची तोंडेही सारख्या स्थितीत आणणे भाग पडले. सिंगल मॉल्टचा (एकाच कारखान्यातील मॉल्ट व्हिस्कीचा) ग्राहकवर्ग वाढल्यावर हीच शिस्त बहुधा प्रयोगशाळेतून खासगी बैठकांत उतरली.

व्हिस्कीच्या बाबतीत ही गरज वाइनपेक्षा अधिक असते, याचे पहिले कारण मद्यार्काचे प्रमाण. स्कॉच व्हिस्कीत ते आकारमानाने किमान ४०% असावे लागते. पाणी न मिसळता पिंपातून थेट भरलेल्या व्हिस्कीत ते अनेकदा ५५ ते ६०% असते. घशाशी जाणवणारी जळजळ ही चव नव्हे, ती वेदनासंवेदना आहे. उष्णतेचा चटका ओळखणारा टीआरपीव्ही-१ हा ग्राही (मज्जातंतूंवरील संवेदना टिपणारे प्रथिन) साधारण ४२° से. तापमानाला जागा होतो. मद्यार्काच्या सान्निध्यात त्याची ही मर्यादा सु. ३४° से. पर्यंत उतरते, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे शरीराचे नेहमीचे तापमानच त्याला चटक्यासारखे भासते. मिरचीतील कॅप्सायसिनही याच ग्राहीवर काम करते. मसाला शेंगदाणे, तिखट चिवडा, लसणाची चटणी लावलेला पापड असा आपल्याकडचा चखणा चाखणीच्या वेळी बाजूला ठेवायला सांगतात, ते यासाठी. तिखटाने जागा झालेला ग्राही व्हिस्कीची जळजळ वाढवतो आणि तिखट फार झाले, तर काही वेळ बधिर होऊन उलट बाजूने फसवतो.

दुसरे कारण तुरटपणा. ओकच्या पिंपातून उतरलेली टॅनिने ही तुरट द्रव्ये लाळेतील प्रोलीनयुक्त प्रथिनांना पकडतात. लाळेचे वंगण कमी होते आणि गालांचा आतला भाग खरखरीत लागतो. ही स्पर्शसंवेदना असल्याचे मत आता बहुतेकांना मान्य आहे. ती घोटागणिक साचत जाते आणि पाण्याच्या एका चुळीने जात नाही, कारण गेलेली प्रथिने लाळग्रंथींनीच परत पुरवावी लागतात. तिसरे कारण पीटच्या (दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या इंधनाच्या) धुराने वाळवलेल्या बार्लीतून येणारी फिनॉले ही उग्र वासाची संयुगे. स्कॉटलंडच्या आयला बेटावरील व्हिस्कीचा धुरकट, औषधी वास तोंडात बराच काळ रेंगाळतो आणि त्यामागून येणारी फळांच्या वासाची सौम्य व्हिस्की त्याखाली झाकली जाते.

पूर्वतयारीत दातांच्या पेस्टचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पेस्टमधील सोडियम लॉरिल सल्फेट हा फेसकारक गोड चव दडपतो व कडू चव वाढवतो. पुदिन्याचा गारवा वेगळाच. म्हणून चाखण्याआधी निदान तासभर पेस्ट वापरू नये. कडक कॉफी, सिगारेट, अत्तर, वासाचा साबण हेही त्या काळात वर्ज्य मानतात. जेवणानंतरच्या आपल्या मुखशुद्धीच्या पदार्थांचा विचार मात्र परकीय मार्गदर्शकांत सापडत नाही, म्हणून तो येथे सविस्तर करणे योग्य ठरेल. बडीशेपेतील ॲनेथॉल हे द्रव्य साखरेपेक्षा कितीतरी गोड असते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, मद्यार्कात सहज विरघळते. त्यामुळे पाण्याने चूळ भरूनही मागे राहिलेली बडीशेप पहिल्याच घोटाबरोबर वर येते. विड्यातील लवंग त्याहून अडचणीची. तिच्यातील युजेनॉल तोंडाची त्वचा किंचित बधिर करते आणि तेच युजेनॉल ओकच्या लाकडातून व्हिस्कीतही उतरते. लवंग चघळलेल्या माणसाला जाणवलेला मसालेदार गंध पिंपाचा की विड्याचा, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. सुपारी तर स्वतःच टॅनिनयुक्त आहे.

नमुन्यांच्या मधल्या शुद्धीसाठी पाणी सर्वमान्य असले, तरी एकट्या पाण्याची ताकद मर्यादित आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक प्रयोगात पाणी, कोमट पाणी, दूध, चॉकलेट, पेक्टिनचे द्रावण आणि साधी कोरडी बिस्किटे यांची गोड, कडू, तुरट, तिखट, स्निग्ध अशा निरनिराळ्या पदार्थांनंतर परीक्षा घेतली गेली; सर्व प्रकारांत उपयोगी पडली ती फक्त बिस्किटे. त्या पदार्थांत व्हिस्की नव्हती, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही. बिस्किटाचा दोष असा की दातांत अडकलेल्या पिठाचे लाळेतील अमिलेज हे विकर माल्टोज ही साखर बनवते आणि ती गोडी मॉल्टच्या धान्यासारख्या गोडीत मिसळते. म्हणून आधी बिस्कीट, मग पाणी, मग दोन-तीन मिनिटे काहीच नाही, हा क्रम श्रेयस्कर होय. खारे बिस्कीट घेऊ नये, कारण मीठ कडूपणा दडपते. हिरवे सफरचंद काही जण सुचवतात. त्याचे आम्ल लाळ सुटायला मदत करते खरे. परंतु सफरचंदाची आठवण करून देणारे एथिल हेक्झॅनोएट हे एस्टर (फळांसारख्या वासाचे संयुग) व्हिस्कीतही असते, तेव्हा ते टाळलेले बरे. बर्फाचे पाणी जीभ बधिर करते आणि सोड्याचे बुडबुडे स्वतःच टोचतात.

नाकाची शुद्धी जिभेइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची आहे. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा वाटा गंधाचा असतो. एकच वास सतत घेतल्यास नाक त्याला सरावते. त्यावर कॉफीच्या बिया हुंगण्याचा उपाय अत्तराच्या दुकानांतून इकडे आला. २०११ मधील एका छोट्या प्रयोगात कॉफी, लिंबू आणि साधी हवा यांच्या परिणामात फरक आढळला नाही. स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूची त्वचा किंवा धुतलेल्या सुती कापडाची बाही हुंगणे पुरेसे असते.

नमुन्यांचा क्रम नीट लावला, तर निम्मे काम आधीच होते : सौम्य आधी, तीव्र नंतर, पीटचा धूर असलेली सर्वांत शेवटी. पहिला घोट जिभेला सराव व्हावा म्हणून घेतात, त्यावरून मत नोंदवत नाहीत. कारखान्यात हुंगण्यासाठी नमुना साधारण २०% पर्यंत पातळ करतात. पाण्याने वास का खुलतो याचा एक खुलासा स्वीडनमधील कार्लसन व फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिकृतींच्या आधारे मांडला : मद्यार्क ४५% पर्यंत असता धुरकट वासाचे ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाशी राहते, ५९% च्या वर ते द्रवाच्या आत ओढले जाते. प्रतिकृतीत पाणी, एथेनॉल व ग्वायाकॉल एवढीच द्रव्ये होती, हे ध्यानात घ्यावे.

गोव्यातील कुंकळ्ळी येथे पॉल जॉन ही सिंगल मॉल्ट व्हिस्की तयार होते. ती २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आली. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी येथेही आता सिंगल मॉल्टचे उत्पादन होते. या प्रदेशात चाखताना स्कॉटिश सूचनांत दोन बदल करावे लागतात. तेथील ‘खोलीचे तापमान’ १८ ते २० अंश असते. कोकणातल्या मे महिन्यात ३२ अंशांच्या खोलीत मद्यार्काची वाफ नाकात आधी शिरते, म्हणून बाटली व पाणी दोन्ही थोडे थंड जागी ठेवावे. दुसरा बदल पाण्याचा. नळाच्या पाण्यातील क्लोरिनची फिनॉलाशी क्रिया होऊन क्लोरोफिनॉले बनू शकतात आणि ती अत्यल्प प्रमाणातही दवाखान्यासारखा वास देतात. पीटच्या व्हिस्कीबरोबर चूळ भरायला किंवा प्याल्यात थेंब घालायला नळाचे पाणी घ्यायचे असल्यास ते आधी उकळून, उघड्या भांड्यात निववून घ्यावे.