पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम

इंग्लंड व वेल्समध्ये सामान्य माणसांना सापडणाऱ्या पुरावस्तूंची नोंद करून ती इंटरनेटवर सर्वांसाठी खुली ठेवणारी योजना. १९९७ मध्ये ती मोजक्या भागांत सुरू झाली आणि २००३ पर्यंत सर्वत्र पोहोचली. इंग्लंडमधील कारभार ब्रिटिश म्युझियमकडे आहे. आजवर १५ लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या असून त्यांतल्या बहुतेक मेटल डिटेक्टर घेऊन शेते पालथी घालणाऱ्या हौशी मंडळींना मिळालेल्या आहेत.

१९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार सोन्याचांदीच्या जुन्या वस्तू किंवा नाणेनिधी सापडल्यास १४ दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला वर्दी द्यावी लागते. मात्र नांगरटीत वर आलेले एखादे सुटे रोमन नाणे किंवा शिशाचे वजन यांना ही सक्ती नाही. अशा वस्तू लोकांनी आपणहून दाखवाव्यात, यासाठी ठिकठिकाणी सुमारे ४० अधिकारी नेमलेले आहेत. वस्तूचे वजन-माप घेऊन, फोटो काढून ती परत दिली जाते. खरी मोलाची असते ती सापडल्याची जागा.

हे मोल फ्रोमच्या ठेव्यात नेमके दिसते. एप्रिल २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या या गावाजवळ एका शोधकाला जमिनीत रोमन नाणी लागली. मडके दिसताच त्याने हात आवरला आणि अधिकाऱ्यांना कळवले. पुरातत्त्वज्ञांनी मडके थराथराने रिकामे केले. आत ५२,५०३ नाणी होती, वजन सुमारे १६० किलो. मडके वर्षानुवर्षे थोडेथोडे भरत गेले असते, तर त्यातली सर्वांत उशिराची, म्हणजे कॅरॉसियस (कारकीर्द इ. स. २८६–२९३) या बंडखोर सम्राटाची नाणी वरच्या थरात मिळायला हवी होती. ती मुख्यतः मधल्या भागाच्याही खाली निघाली. म्हणजे सगळी नाणी एकाच वेळी ओतलेली होती. शिवाय एवढ्या वजनाचे मडके उचलताच फुटले असते. तेव्हा आधी ते खड्ड्यात बसवले आणि मग भरले, हेही कळले. नाणी पिशवीत भरून घरी नेली असती, तर त्यांची संख्या तेवढीच राहिली असती, हा उलगडा मात्र कायमचा हुकला असता.

संकेतस्थळावर नेमकी जागा सर्वांना दाखवत नाहीत, कारण रात्री चोरून खणणाऱ्यांची भीती असते. तपशीलवार जागा नोंदणीकृत संशोधकांनाच मिळते. अशा योजनेमुळे हौशी खोदकामाला प्रतिष्ठा मिळते, असा काही पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप आहे. तो रास्त आहे. तरीही नांगराखाली झिजून जाणाऱ्या वस्तूंची निदान नोंद राहते, हे पारडे जड वाटते. कायद्यातली फट मोठी होती. कंब्रियात सापडलेले क्रॉसबी गॅरेटचे रोमन शिरस्त्राण ताम्रमिश्रधातूचे असल्याने कायद्यात बसले नाही आणि २०१० मध्ये लिलावात २० लाखांहून अधिक पौंडांना खासगी ग्राहकाकडे गेले. कायद्याची व्याख्या २०२३ मध्ये रुंदावली.

भारतात १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू आहे; दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरला लेखी कळवावे लागते. अख्खा ठेवा एकत्र तपासता आल्याने काय हाती लागते, हे नाशिकजवळच्या जोगळटेंभीने दाखवले आहे. तिथल्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर, क्षत्रप राजा नहपानाच्या मुद्रेवरच, त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे.