बैठक भरणे, खुर्चीची (गोवा)

लाकडी खुर्चीचा सांगाडा तोच ठेवून तिची खचलेली वा फाटलेली बैठक नव्याने करण्याचे काम. गोव्यात हे काम मुख्यतः जेवणाच्या शिसवी व सागवानी खुर्च्यांवर, बहुधा घरीच, पावसाळा टाळून केले जाते. वेत विणणे आणि गादी भरणे या दोन पद्धती असून पहिली येथे अधिक महत्त्वाची आहे.

जेवणाचे मेज व खुर्च्या आधी ख्रिस्ती भाटकारांच्या (जमीनदारांच्या) घरांत रुळल्या. हिंदू घरांत पाट बराच काळ टिकला. सतराव्या शतकातील पोर्तुगीज खुर्च्यांना ठसे उमटवलेले चामडे मोठ्या पितळी खिळ्यांनी ठोकलेले असे. चामड्याच्या जागी वेताची जाळी सुमारे त्याच शतकाच्या उत्तरार्धापासून दिसू लागली असावी.

ही जाळी पूर्वेकडून युरोपात गेली, यावर एकमत आहे, मार्गाविषयी नाही. १६६२ मध्ये पोर्तुगीज राजकन्या ब्रागांझाची कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली आणि तिच्याबरोबर भारतीय वेतकाम लंडनला पोहोचले, असे एक मत आहे. मुंबई आंदण दिल्याची कथा सर्वांना ठाऊक असल्याने ते सहज पटते. मात्र इंग्रज दैनंदिनीकार जॉन एव्हलिनने त्या वर्षीच्या दैनंदिनीत कौतुक केले आहे ते राणीने आणलेल्या भारतीय कपाटांचे. त्यावरून खुर्च्यांविषयी अनुमान काढणे धाडसाचे होईल. ईस्ट इंडिया कंपन्यांनी आणलेल्या कच्च्या वेतामुळे हे काम तेथे वाढले, हे दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. लंडनच्या कारागिरांनी शतकाअखेरीस केलेल्या अर्जात हा माल सुमारे १६६४ पासून चालू झाल्याचे म्हटले असून, त्याला धूळ व कसर लागत नाही, असा दावा केला आहे. गोव्याच्या दमट हवेत हा गुण लंडनपेक्षा अधिक कामाचा.

विणण्यापूर्वी चौकटीच्या कडेच्या भोकांतील जुना वेत व खुंट्या काढतात. वेताच्या पट्ट्या थोडा वेळ पाण्यात भिजवून, चकचकीत बाजू वर ठेवून ओवतात: दोन फेऱ्या उभ्या, दोन आडव्या, दोन तिरप्या. एक तिरपी पट्टी उभ्या जोडीवरून व आडव्या जोडीखालून जाते, दुसरी नेमकी उलट. इथे चुकले तर अष्टकोनी छिद्रे वाकडी येतात आणि पट्टी घासून लवकर तुटते. बैठक पुढे रुंद, मागे अरुंद असल्याने सुरुवात मधल्या भोकापासून करावी लागते. ओला वेत वाळताना ताणला जातो. म्हणूनच सैल पडलेली, पण न तुटलेली जाळी उलटी करून खालून ओल्या फडक्याने भिजवली, की पुष्कळदा घट्ट होते. खालच्या अंगाला पॉलिश लावले, तर पाणी मुरत नाही व हा उपाय बंद होतो.

जाळी फाटली की तिच्यावर फळी ठोकून गादी बसवण्याची सोपी वाटही बरीच वापरात आहे. अशा खुर्चीचे रेक्झिन उचकटल्यावर कडेला भोकांची ओळ दिसली, तर मूळ बैठक वेताची होती असे समजावे. सुटी बैठक खालचे स्क्रू काढताच निघते. तिला नवार ताणून, काथ्या व कापूस किंवा आता फोम घालून, वर कापड ठोकतात. पावसाळ्यात फोम ओल धरतो व रेक्झिनखाली बुरशी चढते.