दमलं की कुत्रं आपणहून थांबतं?

कुत्र्यासोबत धावायला सुरुवात करणाऱ्याला हमखास ऐकवलं जातं, ‘काळजी नको, दमलं की ते आपणहून थांबेल.’ यावर विसंबू नका. माणसाच्या ओढीनं कित्येक कुत्री अंग तापलं तरी धावत राहतात. त्यांना घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. अंग थंड करण्याची बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर. जीभ रुंद होऊन लोंबू लागली, चाल अडखळली, की तुम्हीच थांबा, सावलीत न्या, पाणी पाजा. सुरुवात गारव्याच्या वेळी, एखाद-दोन किलोमीटर, मध्येमध्ये चालत. दोर गळपट्ट्याला नको, हार्नेसला, म्हणजे छाती-खांद्यांभोवतीच्या पट्ट्याला बांधा. दुसरं टोक तुमच्या कमरपट्ट्याला, आणि दोर रबरासारखा ताणला जाणारा हवा. पिल्लांना तर असं पळवूच नका. मोठ्या जातींत हाडांची वाढ पूर्ण व्हायला दीड वर्षही लागतं.