एचआयव्हीबाधित मातांचा परस्पर आधार (ग्रामीण)

गर्भारपणात वा बाळंतपणाच्या सुमारास एचआयव्ही संसर्गाचे निदान झालेल्या स्त्रीला, त्याच अनुभवातून आधी गेलेल्या आणि थोडेफार प्रशिक्षण घेतलेल्या दुसऱ्या मातेकडून मिळणारी सोबत, माहिती व धीर. समुपदेशक आणि परिचारिका यांच्या कामाला हा आधार पूरक असतो.

या प्रथेच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. काही अभ्यासक तिचे मूळ १९८३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे एड्सग्रस्तांनी स्वतः केलेल्या जाहीर निवेदनात पाहतात. आपल्या उपचारांविषयीच्या निर्णयांत आपला सहभाग असावा, ही मागणी त्यात होती आणि १९९४ च्या पॅरिस येथील एड्सविषयक परिषदेत तिला शासकीय मान्यता मिळाली. दुसऱ्या मतानुसार ही प्रथा २००१ च्या सुमारास केप टाउन येथे डॉ. मिच बेसर यांनी सुरू केलेल्या उपक्रमापासून मानावी, कारण बाधित मातांनाच मानधन देऊन आरोग्यसेवेच्या चौकटीत सामावून घेण्याची रीत तिथून पसरली. डेन्व्हरच्या निवेदनामागे प्रामुख्याने पुरुष होते आणि मातृत्वाचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता, हे लक्षात घेता प्रस्तुत विषयापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

गोव्यात मात्र या विषयाला वेगळी पार्श्वभूमी आहे. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा यांना एचआयव्हीची बाधा असल्याच्या कारणावरून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ६४ दिवस सक्तीने एकांतात ठेवण्यात आले, आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित तरतूद वैध ठरवली. पुढे डिसोझा यांच्याच पुढाकाराने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी राहिली. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. बाधितांनीच बाधितांना आधार देण्याचा विचार गोव्यात असा सक्तीच्या विरोधातून रुजला असावा.

मातांच्या संदर्भात या आधाराची गरज औषधोपचाराच्या बदलत्या पद्धतीमुळे वाढली. उपचार नसल्यास मातेकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के मानले जाते. योग्य उपचारांनी ते ५ टक्क्यांखाली येऊ शकते. पूर्वी प्रसूतीच्या वेळी नेव्हिरॅपिन या विषाणूरोधक औषधाची एक मात्रा दिली जाई. २०१४ पासून भारतात गर्भवतींना आजन्म एआरटी (विषाणूला रोखणारी, रोज घ्यावयाची औषधे) देण्याचे धोरण आले, आणि एका दिवसाच्या प्रश्नाचा वर्षानुवर्षे गोळी न चुकवण्याचा प्रश्न झाला. बाळाची पहिली चाचणी सहाव्या आठवड्यात, तर अंतिम निदान अठराव्या महिन्यात होते. पहिले सहा महिने केवळ स्तनपान द्यावयाचे असते. या दीर्घ काळात बाई उपचार केंद्रात येणे सोडते, ती बहुधा मूल लहान असताना. उत्तर-मध्य नायजेरियाच्या ग्रामीण भागातील एका अभ्यासात, देखरेखीखाली काम करणाऱ्या अनुभवी मातांची सोबत लाभलेल्या स्त्रिया उपचारांत अधिक टिकून राहिल्याचे आढळले. देखरेख हा यातला कळीचा भाग दिसतो.

ही रीत गोव्यातील सत्तरी, सांगे वा काणकोण तालुक्यांच्या गावांत जशीच्या तशी उतरवणे अवघड आहे. गोव्यात बाळंतपणे जवळजवळ सर्वच रुग्णालयात होतात, त्यामुळे निदान सहसा वेळेवर होते; अडचण पुढची आहे. देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या गेल्या तेव्हा गोव्यात ती योजना अमलात आली नाही, आणि गावपातळीवरचे काम प्रामुख्याने आरोग्यसेविका व अंगणवाडी सेविकांवर राहिले. शिवाय वाड्यावर कोण कोणाकडे आले हे लपत नाही, त्यामुळे घरभेट हीच गुप्ततेला धोका ठरू शकते. (शेजारणीला दिलेले ‘आरोग्य खात्याची बाई’ हे उत्तर एकदाच चालते.) म्हणून औषध घेण्याच्या दिवशी बांबोळीच्या गोमेकॉसारख्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) मोठ्या रुग्णालयात, गर्दीत भेटणे अधिक सुरक्षित ठरावे, पण त्यात प्रवासखर्च आणि मजुरीचा खाडा होतो. विश्वासाने सांगितलेली दुसऱ्याची एचआयव्ही स्थिती संमतीवाचून उघड करण्यास २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई केली आहे, आणि हे बंधन आधार देणाऱ्या मातेलाही लागू पडते.